बदामाच्या पुढे

विमानतळाबाहेर पडल्या पडल्या ओर्लीनने गाडी भाड्याने घेतली. आईला फोन त्यानंतर केला. अंगात अजून टोरोंटोचा जाड कोट, कपाळावर घाम, आणि गाडीवाला तिला विचारतोय की बाई, बोलण्यावरून तुम्ही इथल्याच वाटता, मग एवढे पैसे कशाला घालवता, दारावरून बस जाते की. ती म्हणाली, सुट्टीवर आलेय, मनासारखं हिंडायचंय. त्याने खांदे उडवले आणि किल्ली दिली. छोटीशी पांढरी गाडी होती, आणि नंबराच्या पाटीवर पहिलंच अक्षर भाड्याच्या गाडीचं. आमच्या या ग्रेनेडा बेटावर ते अक्षर दिसलं की आतल्या माणसाचं तोंड बघायच्या आधीच लोक ठरवून टाकतात की हा पाहुणा आहे.

खरं सांगायचं तर गाडीवाल्याचंच बरोबर होतं. आपल्याकडे बसला तोड नाही. हात केला की थांबते. चढताना सगळ्यांना मिळून एक नमस्कार करायचा, सगळे मिळून तो परत करतात. तोंड मिटून बसणाऱ्याला इथे माणसात धरत नाहीत. गाणी कानठळ्या बसवणारी असतात, एका बाकावर चौघं कोंबलेली असतात, पण गावातली बातमी घरी पोचायच्या आत बसमध्ये कळते. आणि उतरायचं असेल तेव्हा घंटा नाही, दोरी नाही. पत्र्यावर, छताला नाहीतर बाजूला, दोनदा ठोकायचं. गाणी कितीही मोठी असोत, ड्रायव्हरला ठोकलेलं बरोबर ऐकू येतं आणि तो थांबतो. ठोकलं आणि थांबला नाही असा ड्रायव्हर या बेटावर शोधून सापडायचा नाही.

एकदाच तसं झालं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. आणि ते कुणामुळे झालं हे जिवंत माणसांत फक्त ओर्लीनला ठाऊक होतं.

आई राहायची मॉर्न लिली गावात, पश्चिमेच्या किनारी रस्त्यावर. रस्त्याच्या एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला खाली समुद्र. गावाचा थांबा म्हणजे एक जुना रानबदाम. तिथे उतरायचं आणि समोरच्या पायऱ्या चढून वर जायचं. पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, गावातल्या कोणीही त्या मोजायच्या भानगडीत पडत नाही. गाडीला मात्र तिथून वाट नाही. गाडीने बदाम ओलांडून पुढे जावं लागतं, अर्ध्या मैलावरचं मोठं वळण घ्यावं लागतं आणि मग कुठे वर जाणारा रस्ता लागतो.

त्या पहिल्या दुपारी ओर्लीन बदामाजवळ आली आणि छतावर दोनदा ठोकलं गेलं. ठक, ठक.

बदामाचं फळ पडलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण फळ बाहेरून पडतं, आणि हा आवाज आतून आला होता, हेही तिला समजलं होतं. तिने वेग वाढवला. वळण पार होईपर्यंत मागच्या सीटकडे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

वर पोचली तर आईच्या आधी मिस विनी समोर. मिस विनीचं दुकान आईच्या घराला लागून, आणि जिभेला हाड नाही. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, वा, कॅनडाची राणी आली, आता आम्ही वाकून नमस्कार करायचा की झोपून? आई ओट्यावर उभी होती. सत्त्याहत्तर वर्षांची, वाळून काटकी झालेली, नोव्हेंबरात पायऱ्यांवर पडली तेव्हापासून एका हातात काठी. गावातली सगळी तिला मा सेलेस्टीन म्हणायची. तिने लेकीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, मग खाली गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "बस बंद आहे का गं?"

आता जे घडलं होतं ते सांगूनच टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. ओर्लीन तेव्हा पंचवीसची होती, भाऊ डेलॉन विसाचा. तो गवंडीकाम करायचा आणि नको तिथे मस्करी करायचा. त्या दिवशी दोघं शहरातून परतत होती. बसमध्ये ती दोघं, एक म्हातारी, ड्रायव्हर आणि कंडक्टर, बस्स, पाच जण. डेलॉनला बदामाला उतरायचं होतं. ओर्लीनला पुढच्या व्हिक्टोरिया गावाला जायचं होतं, कारण कॅनडात आजाऱ्यांच्या सेवेला बायका पाठवणारी एक बाई तिथे पाचपर्यंतच कागद घेणार होती. आणि या पठ्ठ्याने वाटेत दोनदा उगाच ठोकलं. ड्रायव्हरने दोनदा करकचून थांबवली, कोणी उतरेना, हा आपला साळसूदपणे खिडकीबाहेर बघतोय. ड्रायव्हरने शिव्या घातल्या. ओर्लीनचं डोकं फिरलं. मग बदाम आला आणि त्याने खरोखरचं ठोकलं, आणि ती पुढच्या बाकावरून ड्रायव्हरला म्हणाली, "चला हो, थांबू नका. मस्करी चाललीय त्याची."

त्याचा थांबा आला हे तिला दिसत होतं. येऊ दे थोडं चालत, जिरेल, असं तिच्या मनात आलं होतं. अर्ध्या मैलावर, त्या वळणावर, बस रस्ता सोडून खाली गेली. वाचली ती एकटीच.

इस्पितळात आईने तिला एकच गोष्ट विचारली होती. तो बदामाला उतरला कसा नाही? ओर्लीनचं खांद्याचं हाड मोडलं होतं, तोंडात रक्ताची चव होती. ती म्हणाली, माहीत नाही, मा, झोपला असेल. त्यावर आई पुन्हा कधीच काही बोलली नाही. पाच महिन्यांनी ओर्लीन कॅनडाला गेली, आणि त्यानंतर बसमध्ये म्हणून पाय ठेवला नाही, तिथेही नाही.

आता आई थकली होती. पुढच्या खेपेला असेल की नसेल, कोणी सांगावं. या पंधरा दिवसांत तिला खरं सांगायचंच, असं ठरवून ओर्लीन आली होती. सुट्टी, हिंडणं, सगळा बहाणा. रोज संध्याकाळी ती आईशेजारी ओट्यावर बसायची, तोंड उघडायची आणि टोरोंटोतल्या बर्फाबद्दल बोलायची. आई भाजलेला नीरफणस सोलत हूं हूं करायची.

आणि तो आवाज. शहराकडे जाताना काही नाही. परतताना, बदामाजवळ, दरवेळी. ठक, ठक. तिसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन गाडीवाल्याकडे गेली. त्याने छतावरून हात फिरवला, दारं उघडून मिटून पाहिली, आत डोकं घालून वरचं कापड चाचपलं आणि म्हणाला की बाई, साधा ओरखडा नाही, तुम्ही थंडीच्या देशातून आलात, ऊन लागलं असेल. तिने हट्टाने दुसरी गाडी घेतली, लाल. त्या दुपारी बदामाजवळ लाल गाडीतही ठोकलं गेलं. ओर्लीनची गाडी अशी भरकटली की वळण घेताना समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवून तिची आईबहीण काढली. ती वर येऊन गाडीत तशीच बसून राहिली. डेलॉन मेला त्या दिवसापासून ती त्याला घाबरत आली होती, आणि सख्ख्या भावाला घाबरायचं याची लाजही तिला तेवढीच वाटत होती.

आई गाडीत बसायला तयार नव्हती. ओर्लीनने समुद्रावर चल म्हटलं, धबधब्याला चल म्हटलं, डॉक्टरकडे तरी चल म्हटलं. आईचं उत्तर ठरलेलं, मला बस आहे. गुरुवारी मिस विनीने ओर्लीनला दुकानात गाठलं आणि मनातली सगळी वाफ बाहेर काढली. म्हणाली, तुझी आई दर शुक्रवारी बसने शहरात जाते, माहीत आहे का तुला? काम काय, तर काही नाही. एक पाव घेते आणि दुपारच्या बसने परत येते. अगं, माझ्या दुकानातला पाव काय विषाचा असतो? त्या दोनशे पायऱ्या काठी टेकत चढते, नोव्हेंबरात त्याच पायऱ्यांवर पडली, आणि डॉक्टरने सांगितलं की पुन्हा पडलीस तर उठायची नाहीस. पायऱ्यांवर मेली तर उचलायला मीच जायचं का? आता आली आहेस, तर गाडीचा काहीतरी उपयोग कर.

म्हणून शुक्रवारी ओर्लीन आईच्या वाटेत उभी राहिली. मा, तू आज पायऱ्या उतरायच्या नाहीस, मी नेते, मीच आणते. आई म्हणाली की बरं, पण मी मागे बसणार, परतताना बसच्या वेळेला निघायचं, आणि बदामाला गाडी थांबवायची. ओर्लीनच्या मनात पाल चुकचुकली. पण म्हातारी गाडीत बसतेय हेच खूप होतं, तिने मान हलवली.

जाताना सगळं सुरळीत झालं. आईने शहरात एक पाव घेतला, बाजाराबाहेरच्या पायरीवर तासभर बसली, येणाऱ्याजाणाऱ्याचे नमस्कार घेतले. ओर्लीन तिच्या बाजूला बसून मनात म्हणत होती, आता सांगू, आता सांगू. सांगितलं नाही. अडीचला आई उठली आणि गाडीत मागे बसली, अगदी दाराला चिकटून. बाजूला जागा मोकळी ठेवली. पाव मांडीवर घेतला, बाजूला ठेवला नाही. ओर्लीनने आरशात ते पाहिलं आणि गाडी सुरू केली.

कोळ्यांचं गुयाव्ह गाव मागे पडलं, मासळीचा वास मागे पडला, उन्हात समुद्र पांढरा दिसत होता. बदाम दिसायला लागला तशी आई म्हणाली, "थांबव." ओर्लीनने गाडी झाडाखाली घेतली. तिचे कान छताकडे लागले होते. आवाज आला नाही. त्याऐवजी मागून आईचा आवाज आला, हळू, पहाटे पोराला उठवताना आईचा असतो तसा.

"ऊठ, बाळा. बदाम आला."

ओर्लीनने आरशात पाहिलं. आई रिकाम्या सीटवर हलक्या हाताने थोपटत होती. "ऊठ रे राजा. आपलं आलं. पुढे जाशील." तिने थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा थोपटलं. मग हात मांडीवर परत घेतला आणि सुस्कारा टाकला. चिडलेली नव्हती, रडत नव्हती. रोजचंच काम करून झाल्यासारखी होती.

"नाही उठत," ती म्हणाली. "बसमध्येही नाही उठत. म्हटलं, गाडीत जरा शांतता असते, इथे उठेल."

मग आई बोलायला लागली, खिडकीबाहेर बघत. म्हणाली की आदल्या रात्री मी त्याला जायफळं फोडायला बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोती पोचवायची होती. तो म्हणत होता, मा, डोळे मिटताहेत. मी म्हटलं, आळशी, तुझ्या वयात मी दोन रात्री जागायचे. पहाटेपर्यंत बसवलं. म्हणून तो झोपला. थांबा आला तरी कळलं नाही त्याला. तूच सांगितलंस ना इस्पितळात, झोपला असेल म्हणून. तेव्हाच मला कळलं की हे माझं काम आहे. मी झोपवला, मीच उठवायचा. दर शुक्रवारी येते. वर्षाचे बावन्न शुक्रवार, कधी चुकवला नाही. एवढ्या लोकांत मनातल्या मनात हाक मारते, लोक वेडी म्हणतील म्हणून. आज मोठ्याने मारली.

छतावर ठोकलं गेलं. ठक, ठक. आईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तिला ऐकू आलंच नव्हतं. आवाज फक्त ओर्लीनसाठी होता.

एकोणीस वर्षं ओर्लीनला वाटत आलं होतं की त्या खोटेपणाचं ओझं ती एकटी वाहतेय. दूर देशात, परक्यांच्या म्हाताऱ्यांचे पाय चोळत, एकटी. आता तिला समजलं की ओझं तिने कधीच आईच्या डोक्यावर ठेवलं होतं आणि स्वतः हात झटकून विमानात बसली होती. तिला स्वतःची किळस आली.

"मा," ती म्हणाली, पुढेच बघत. "तो झोपला नव्हता."

मागे पावाचा कागद चुरचुरला.

"त्याने ठोकलं होतं. इथेच. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला होता. मीच म्हटलं, थांबू नका, मस्करी करतोय. मला व्हिक्टोरियाला पोचायचं होतं, मा. मला वाटलं येईल चालत."

वरून एक लाल पान काचेवर पडलं आणि घसरून गेलं. आईने विचारलं, "किती वेळा ठोकलं?"

ओर्लीनला हा प्रश्न कुणी कधी विचारेल असं वाटलं नव्हतं. याचं उत्तर तिने स्वतःलाही कधी दिलं नव्हतं.

"मोजलं नाही."

"ओर्लीन."

"ठोकायचा थांबलाच नाही तो. आधी हसत होता. मग म्हणाला, ओर्ली, सांग ना त्यांना, मा वाट बघत असेल. मी मागे बघितलंच नाही. वळणापर्यंत ठोकत होता."

मग आई म्हणाली, "म्हणजे जागा होता," आणि तिच्या आवाजात काय होतं ते ओर्लीनला कळेना. सुटका होती की काय? मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ओर्लीन धडपडत बाहेर आली. आई काठी टेकत, पाव काखेत धरून, रस्त्याच्या कडेला बदामाखाली जाऊन उभी राहिली होती. पायऱ्यांकडे तिची पाठ होती. ओर्लीन तिला म्हणत होती, मा, ऊन आहे, मा, गाडीत बस, मा, काहीतरी बोल, शिव्या घाल, मार मला. आई शहराकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होती, तिथे कोणी बोलतच नसल्यासारखी.

दुपारची बस आली. गाण्यांचा गोंगाट आधी आला, मग बस. आईने काठी उचलली तसा ड्रायव्हर थांबला. ड्रायव्हर तरणा होता, दर शुक्रवारी तिला इथे उतरवणारा. कंडक्टरने दार सरकवलं आणि ड्रायव्हर वाकून म्हणाला, "मा सेलेस्टीन, तुम्ही तर आधीच पोचलात. तुमचं घर इथेच की, वर."

"आज पुढे जायचंय," आई म्हणाली. "वळणापर्यंत."

बदामाच्या पुढे ती कधी बसने गेली नव्हती, एकोणीस वर्षांत एकदाही नाही. ड्रायव्हरलाही ते ठाऊक असावं, कारण त्याने गाणं बंद केलं. आईने पाय वर ठेवला, आत बघून नमस्कार केला. आतून दहाबारा आवाजांनी तिला नमस्कार परत मिळाला. कोणीतरी उठून तिला खिडकीची जागा दिली.

ओर्लीन दारापर्यंत गेली. आतल्या तापलेल्या रेक्झिनचा, घामाचा, नारळतेलाचा वास तिच्या नाकात गेला. तरी तिने हात लांब करून दाराची दांडी पकडली आणि एक पाय पायरीवर ठेवला. आयुष्यात कशासाठी एवढी ताकद लावली नव्हती. तोंडातून नमस्कारसुद्धा निघाला, पुटपुटल्यासारखा. बसमधली माणसं तिच्याकडे बघत होती, मग झाडाखालच्या लाल गाडीकडे, तिच्या पाटीकडे.

ड्रायव्हरने आरशातून आईला विचारलं, "ही बाई तुमच्याबरोबर आहे का, मा?"

आईने खिडकीतून मान वळवली आणि लेकीला नीट पाहिलं, केसांपासून पायरीवरच्या पायापर्यंत.

"नाही," ती म्हणाली. "तिच्याकडे गाडी आहे."

कंडक्टरने ओर्लीनचा हात दांडीवरून अदबीने सोडवला, दार सरकवलं, आणि बस वळणाकडे निघाली.